नमुन्याचा दिवस

आमच्या दाजींना फौजेत जायचं होतं, पण पाय आडवे आले. अगदी खरेखुरे पाय. भरतीच्या डॉक्टरांनी त्यांना ओल्या पावलांनी फरशीवर चालायला लावलं, उमटलेला अख्खा ठसा बघितला आणि "पुढचा" म्हणून हाक मारली. सपाट तळव्यांची माणसं फौजेला चालत नाहीत. ही हकीकत दाजी स्वतः कुणाला सांगत नाहीत. ती ताईने मला सांगितली आणि मी चारचौघांत सांगत सुटलो. बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत माणसाला एवढी सूट असतेच.

पुढे ते पाणी तपासणीच्या खात्यात चिकटले. विहिरी, टाक्या, कारखान्यांची गटारं, सगळीकडून बाटल्या भरून आणायच्या आणि प्रयोगशाळेत तपासायच्या, असं काम. काही वर्षांनी लष्करी तळाचं सांडपाणी त्यांच्या वाट्याला आलं. ती बातमी त्यांनी घरी अशा आवाजात सांगितली की ताईला वाटलं, भरतीचा निकाल फिरवला की काय. "फौजेने माणूस घेतला नाही, निदान आपलं गटार तरी दिलं," असं मी म्हणालो. ताई खूप हसली. दाजी हसले नाहीत.

दिसायला ते उंच, किडकिडीत. शर्टाला ताईच्या हातची कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक काचेवर लिहायचं. बाटल्यांच्या बाबतीत तर विचारूच नका. तोंडाला बोट लागता कामा नये. तेलाच्या तपासणीला काचेची बाटली, आणि ती आधी विसळायची नाही, कारण तेल काचेला धरून बसतं आणि आकडा चुकतो. भरली की तत्काळ बर्फात. हा बर्फ माझा. कारखान्यातून लाद्या उचलून मासळीबाजारात आणि इस्पितळात पोचवणं हा माझा धंदा, आणि महिन्यातून एकदा दाजी, त्यांच्या बाटल्या आणि निळी पेटी माझ्या टेम्पोतून तळावर जायची. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते ऐकीव नाही.

तळावर कुणालाही असंच जाता येत नाही. आठवडाभर आधी कळवायचं, मग फाटकावर नाव जातं, मग पास. दाजींना हे नियम फार आवडायचे. ते आठवड्याच्या ऐवजी दहा दिवस आधीच कळवायचे. त्या दिवसाला तळावर 'नमुन्याचा दिवस' म्हणायचे आणि दाजींना 'बाटलीसाहेब'.

काय तो थाट! सांडपाणी जिथून बाहेर ओढ्यात पडतं, तिथे एक चौकोनी चेंबर आहे. आम्ही पोचायचो तेव्हा चेंबरभोवतीचे दगड ताज्या पांढऱ्या रंगाने चकाकत असायचे. झाकणाला तेल दिलेलं. आतल्या भिंती पाइप लावून धुतलेल्या. एक जवान टॉवेल आणि साबण घेऊन उभा, दुसरा नुसताच उभा. दाजी टेम्पोतून उतरले की वर्कशॉपचे हवालदार टाच आपटून सलाम ठोकायचे. तो सलाम झेलताना दाजींच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायची, आणि मी बर्फ फोडायच्या निमित्ताने तोंड फिरवायचो. माणसाची एवढी हौस भागताना बघितली की चेष्टा करायचा धीर होत नाही.

नमुना झाला की चहा. तळाची मोहर उमटवलेल्या कपबशीत. हवालदार म्हणजे गोल चेहऱ्याचा, मिशाळ, मायाळू माणूस. ते दरवेळी विचारायचे, "कसं आहे साहेब आमचं पाणी?"

दाजी म्हणायचे, "ते मी नाही सांगणार. बाटली सांगेल. बाटलीला नातेवाईक नसतात."

आणि बाटली दर महिन्याला चांगलंच सांगायची.

आता ताईचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिची आहे. दाजींचं घर तळाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या वस्तीत. नळाला पाणी येतं ते घरापुरतं. वस्तीतल्या सगळ्यांचे धंदे ओढ्यावर: कुणाचे भाजीचे वाफे, कुणाची रोपवाटिका, आणि ताईची लाँड्री. काठावर पत्र्याची शेड, पंप, सिमेंटच्या तीन टाक्या आणि वाळत घालायच्या तारा. लॉजच्या आणि एका प्रसूतिगृहाच्या चादरी तिच्याकडे यायच्या. एवढी पांढरी चादर गावात कुणाची निघत नाही, हे मी भाऊ म्हणून सांगत नाही, लॉजवाला सांगतो.

मध्ये काही वर्षं ओढ्याला वास यायचा आणि काठाला फेस साचायचा. लोकांनी ओढा सोडला होता. ताईचा पंप गंजत पडला होता, ती दुसऱ्याच्या लाँड्रीत इस्त्रीला जायची. तळावर नवीन सांडपाणी केंद्र झालं, वास-फेस बराच कमी झाला, तपासणी दाजींकडे आली, आणि वर्षभर आकडे चांगले आल्यावर दाजींनी वस्तीतल्या लोकांना पुलाजवळ गोळा करून सांगितलं, "पाणी वापरा. मी स्वतः तपासलंय."

लोक एकमेकांकडे बघत राहिले. शेजारच्या काकू, ज्यांची रोपवाटिका आहे, त्या म्हणाल्या, "कागदावर चांगलं असेल हो. आधी तुमच्या घरातलं कुणी हात घालू दे."

ताई पुढे झाली. पदर खोचून तिने ओढ्यात दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले आणि तोंडावर पाणी मारलं. नवऱ्याचा शब्द राखायला बायको किती पटकन उठते! त्याच आठवड्यात पंप सुरू झाला, आणि हळूहळू बाकीचेही आले.

पुढच्या वर्षी तिचे हात गेले. गेले म्हणजे एका दिवसात नाही. आधी बोटांच्या बेचक्यांत लाली, मग कातडी सुटणं, मग भेगा, आणि भेगांतून पाणी. मी एकदा बर्फ पोचवून दुपारचा तिच्याकडे गेलो तेव्हा ती मनगटांनी कप धरून चहा पीत होती. मला बघून तिने कप खाली ठेवला.

"हे काय गं?"

"साबणाने झालंय."

"कोण म्हणतं?"

"तुझे दाजी."

डॉक्टरांनी मलम दिलं आणि पाण्यात हात घालू नका म्हणून सांगितलं. लाँड्रीवालीला पाण्यात हात घालू नका! ताईने साबण बदलला. परत बदलला. मग ती प्लास्टिकच्या पिशव्या मनगटाला रबराने बांधून काम करायला लागली, पण पिशवीतून कपडा कळत नाही, डाग सापडत नाही. ती एकदा मला म्हणाली, "काही दिवस पाणी चावतं रे. काही दिवस नाही चावत. साबण तर रोज तोच असतो."

मी हे जेवताना दाजींसमोर काढलं. ते घास हातात धरून थांबले. "मेव्हणे, मी डोळे मिटून बोलत नाही. गेल्या खेपेला हिच्या टाकीतलं पाणीही नेलं होतं की नाही? विचारा हिला."

नेलं होतं. नमुन्याच्या दिवशी सकाळीच, माझ्याच बर्फात. तळाची बाटली आणि ताईची बाटली शेजारी शेजारी बसून प्रयोगशाळेत गेल्या आणि दोन्ही चांगल्या निघाल्या.

"तेल नाही, काही नाही. पाणी स्वच्छ आहे," दाजी म्हणाले. "हिला सवयच आहे हात चोळत बसायची."

ताईने उठून ताट उचललं आणि ते तिच्या हातातून सटकलं. ताट गोल फिरत राहिलं, आणि आम्ही तिघंही ते थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत होतो. मला दाजींचा इतका राग आला की जेवण तसंच टाकून मी उठलो. वाटलं, या माणसाला म्हणावं, अहो, बाटलीला नातेवाईक नसतात, तुम्हाला तर आहेत ना! पण ताईने डोळ्यांनी दटावलं, आणि मी चपला पायात सरकवून निघालो.

त्यानंतर मी दाजींशी कामापुरतंच बोलत होतो. बर्फ द्यायचो, गाडी चालवायचो. पुढचा नमुन्याचा दिवस आला. रंगवलेले दगड, सलाम, कपबशी, सगळं यथासांग झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी माझ्या दारात. चष्मा तळावर राहिला होता, चहाच्या टेबलावर. चष्म्याशिवाय त्यांना काचेवरची रेघ दिसत नाही आणि खात्यात तपासणी अडून बसलेली. मी मुकाट्याने टेम्पो काढला.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने कालचा पास बघून मान हलवली. मग आत फोन केला. पलीकडून हवालदारांचा आवाज आम्हालासुद्धा ऐकू आला, "अरे बाटलीसाहेब ना? सोड की. घरचाच माणूस आहे तो."

वर्कशॉपच्या मागे गाड्या धुवायचा रॅम्प आहे. आम्ही कोपऱ्यावरून वळलो आणि मला ब्रेक मारावा लागला. रॅम्पच्या कडेने पिंपं लावलेली होती. किती ते मोजलं नाही, पण ओळ भिंतीपर्यंत गेली होती. जवान दोघं दोघं मिळून एकेक पिंप कलंडवत होते, आणि काळं, तेलकट, वर निळसर रंग फिरणारं पाणी गटाराच्या जाळीतून खळखळत खाली जात होतं. इंजिनांचं ग्रीस काढायचं जे जहाल औषध असतं, त्याचा वास नाकात असा घुसला की माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. जवान मात्र मजेत होते. कुणीतरी शीळ वाजवत होता.

हवालदार चष्मा हातात घेऊन लगबगीने आले. "हा घ्या साहेब. पुसून ठेवलाय."

दाजींनी चष्मा लावला आणि पिंपांकडे बोट केलं. "हे काय चाललंय?"

"हे? हे साठवलेलं आहे," हवालदार कौतुकाने म्हणाले. "तुम्ही यायचं कळवता ना, तेव्हापासून रॅम्प बंद. भांडी, गाड्या, इंजिनं, काहीही धुतलं की पाणी पिंपात. सक्त हुकूम आहे माझा. नमुन्याच्या दिवशी एक थेंब जाता कामा नये! काल तुम्ही गेलात, आज मोकळं करतोय."

"दर महिन्याला?"

"दर महिन्याला. एकदाही चुकलो नाही."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तळावर कुणी तपासायला येणार म्हटलं की सगळं लखलखीत करून ठेवायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं. बुटाची तपासणी, खाटेची तपासणी, तशीच गटाराची. पाहुण्याला घाण दिसू नये म्हणून त्यांनी मनापासून राबून घाण लपवली होती. आणि पाहुणा दहा दिवस आधी कळवत होता.

दाजी चेंबरकडे चालू लागले. चालताना त्यांचे पाय नेहमीपेक्षा जास्त आपटत होते. झाकण त्यांनी एकट्याने ओढून काढलं, टॉवेलवाल्या जवानाची वाट न बघता, आणि गुडघ्यांवर बसून आत बघत राहिले. खाली पाणी करड्या रंगाचं, वर फेस. हाच फेस पूर्वी वस्तीत काठाला साचायचा. काही वेळाने त्यांनी मला विचारलं, "बर्फ आहे का गाडीत?"

"आहे."

"बाटली नाही माझ्याकडे," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस बाटलीशिवाय पाण्यापाशी आला होता.

तेवढ्यात सांडपाणी केंद्राच्या इंजिनिअर मॅडम आल्या. वर्दीतल्या, तरुण, बाह्या वर सरकवलेल्या. फाटकावरून त्यांना कळलं असावं. त्यांनी दाजींकडे बघितलं, रॅम्पकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. मला तुम्हाला काही दाखवायचंच होतं, पण तुमच्या दिवशी ते कधी दिसत नाही."

केंद्रात एक मोठी उघडी टाकी आहे. तिच्यात खालून सतत हवा सोडतात, आणि तपकिरी गाळातले जिवाणू पाण्यातली घाण खाऊन टाकतात. मग पाणी निवळून ओढ्यात जातं. मॅडम म्हणाल्या, "दर महिन्याला माझा हा गाळ मरतो. पांढरा पडतो, वर तरंगतो. मला वाटायचं हवेच्या यंत्रातच दोष आहे. तीनदा यंत्र खोलून बघितलं मी. मग हळूहळू गाळ परत जिवंत होतो, आणि पूर्ण बरा झाला की तुमची तारीख येते. रॅम्प मी कधी बघायला गेले नाही. तो माझ्या विभागात येत नाही ना."

दोघंही टाकीच्या कठड्याला धरून उभे होते. मला शास्त्र कळत नाही, पण एवढं कळलं. रोज थोडं थोडं गेलं असतं तर निदान टाकीने काही पचवलं असतं. यांनी दहा दिवसांचं विष एका सकाळी पाजलं. टाकी मेली, आणि मग जवळपास महिनाभर सगळं तसंच ओढ्यात गेलं. चांगलं पाणी असायचं ते फक्त दाजींच्या दिवसाच्या आगेमागे. ताईची बाटली त्यांनी भरली होती तीही त्याच दिवशी.

"आमच्या घरी," दाजी बोलायला लागले आणि थांबले. मॅडम वाट बघत होत्या. "आमच्या घरी लाँड्री आहे. ओढ्यावर," एवढंच ते म्हणाले.

परत येताना टेम्पोत ते चष्मा हातात धरून बसले होते. मला खरं तर खूप सुनवायचं होतं. महिनोन् महिने तोंडाशी आलेलं सगळं तयार होतं. पण शेजारी बसलेल्या माणसाकडे बघितलं आणि मी नुसता गिअर बदलला.

ताई शेडमध्ये होती. हातांना पिशव्या बांधून चादर पिळत होती. दाजी सरळ आत गेले आणि त्यांनी पंपाचं बटण बंद केलं.

"अहो, टाकी भरायचीय अजून!"

"हे पाणी वाईट आहे," दाजी म्हणाले. "आज नाही फक्त. आधीपासून. तू म्हणत होतीस तसंच."

मग त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पिंपं, रॅम्प, टाकी, तारीख. काही लपवलं नाही, स्वतःची हौससुद्धा नाही. मी कळवायचो, मला बरं वाटायचं ते तयारीत असलेले, असं स्पष्ट म्हणाले. ताईने ऐकता ऐकता दातांनी रबर सोडवलं आणि एकेक पिशवी काढली. आतले हात उकडल्यासारखे पांढरे झाले होते.

"साबणाचं नव्हतं ना मग?" तिने विचारलं.

"नव्हतं."

"मी सहा तऱ्हेचे साबण आणले," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच तो ऐकवेना. "तुम्ही एकदा माझे हात नीट बघितले असते तर. बाटली घेऊन आलात टाकीपाशी. मी टाकीच्या शेजारीच उभी होते."

दाजी खाली बसले. ओल्या फरशीवर, इस्त्रीच्या पँटसह. ताई त्यांना उठवायला गेली नाही, आणि मीही नाही.

संध्याकाळी ते पुलाजवळ उभे राहिले, जिथून त्यांनी 'वापरा' म्हणून सांगितलं होतं तिथेच, आणि लोकांना 'वापरू नका' म्हणून सांगितलं. काकूंनी त्यांना फाडून खाल्लं. त्यांची अर्धी रोपं पिवळी पडून मेली होती आणि त्या बियाण्याला दोष देत बसल्या होत्या. "तुमच्या शब्दावर पाणी घातलं हो मी!" असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. दाजी सगळं ऐकत उभे राहिले. ताई आली होती, पण मागे, माझ्या शेजारी. या वेळी ती पुढे झाली नाही.

तळाच्या मोठ्या साहेबांकडे दाजींना नेलं ते मॅडमनी. मी बाहेर बाकावर बसलो होतो, दार उघडं होतं. साहेब म्हणाले, "आमच्याकडून काही कमी पडलं का? सगळं स्वच्छच ठेवलं होतं."

"तेच नको आहे साहेब," दाजी म्हणाले. "मला घाण दाखवा. रोज असते तेवढी."

आतून नुसता टेबलावर पेन आपटल्याचा आवाज येत होता. घाण दाखवायचा हुकूम काढायचा कसा, याचा साहेब विचार करत असावेत. पण माणूस सरळ होता. मॅडमनी टाकीचं सांगितल्यावर त्यांनी दोन गोष्टी तिथल्या तिथे केल्या. रॅम्प मॅडमच्या हाताखाली दिला, आणि दाजींना कायमचा पास दिला. आता कळवायचं नाही. कधीही यायचं, बाटली भरायची, जायचं.

पहिल्यांदा न सांगता गेलो तेव्हा हवालदारांची जी धांदल उडाली ती बघण्यासारखी होती. सलाम अर्धाच झाला, टॉवेल सापडेना. शेवटी ते दाजींना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, किती घाण लागेल? म्हणजे आम्ही तशी तयारी ठेवतो."

दाजींना हसू आलं नाही. मला आलं, आणि पिंपं बघितल्यानंतर मी हसलो तो तेव्हाच.

त्या दिवसाचा आकडा भयंकर आला. मग कामाला सुरुवात झाली. रॅम्पच्या खाली तेल वर तरंगून अडावं म्हणून कप्प्याकप्प्यांची टाकी बांधली. गाडीवर पाणी मारायच्या आधी ग्रीस लाकडाच्या भुशाने कोरडं पुसून घ्यायचं, असं ठरलं. जहाल औषध बंद केलं, आणि जे शिल्लक होतं ते गटारात न ओतता टँकरने विल्हेवाटीला पाठवलं. हवालदार सुरुवातीला रुसले. आपला मायेने केलेला पाहुणचार गुन्हा ठरला, हे त्यांना पचेना. पण भुशाने इंजिन पुसून काढण्यात त्यांचा रॅम्प सगळ्यांत पुढे गेला तो त्यांच्यामुळेच. एकदा त्यांनी मला विचारलं, "साहेबांच्या घरी कुणाला त्रास झाला म्हणे?" मी ताईच्या हातांचं सांगितलं. पुढच्या खेपेला चेंबरपाशी सलाम नव्हता. ते नुसते जवळ येऊन उभे राहिले, आणि चहाचंही नाव निघालं नाही.

ओढा हळूहळू सुधारला. आधी उरलासुरला फेस गेला, मग वास. कधी सोमवारी, कधी भर दुपारी, कधी पावसात, दाजी अवेळी जाऊन बाटल्या भरत राहिले, आणि आकडा उतरत उतरत नियमात आला. एकदा नाही, सलग आला. मॅडमची टाकी वर्षभर मेली नाही.

ताईच्या हातांच्या भेगा बुजल्या. कातडी मात्र मेणचट राहिली आणि बोटांची टोकं बधिर. सुई हातात आहे की नाही ते तिला बघून ठरवावं लागतं. चादर ती डोळ्यांनी तपासते, पूर्वी बोटांनी तपासायची. लाँड्री तोवर बंदच होती. लॉजवाला दोनदा विचारून गेला.

शेवटचा आकडा हातात आला त्या दिवशी मी दाजींबरोबर होतो. मला वाटलं, आता पुलाजवळ लोक गोळा करतील. काकूंनी तर विचारलंसुद्धा, "काय म्हणते बाटली?"

दाजी म्हणाले, "बाटली चांगलं म्हणते. पण थोडं थांबा."

घरी जाऊन त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, शेडमध्ये गेले आणि पंप सुरू केला. टाकी भरल्यावर घरातल्या चादरी टाकल्या आणि उघड्या हातांनी धुवायला लागले. पिळता येत नव्हत्या, निम्मं पाणी अंगावर. ताई दारात उभी राहून बघत होती. "अहो, असं नाही, दुमडून घ्या आधी," एवढं तिच्या तोंडून निघालंच.

तेव्हापासून ते रोज धुतात. कामावर जायच्या आधी आणि आल्यावर, लॉजच्या चादरीसुद्धा. ताईला पाण्याला हात लावू देत नाहीत. वस्तीतल्या अजून कुणीही पंप लावलेला नाही. काकू कुंपणापाशी येऊन बघून जातात. सगळे वाट बघतायत, आणि कशाची ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मी परवा गेलो होतो. दाजी चहा पीत बसले होते. ताई आतून आली आणि एकदम म्हणाली, "हात."

दाजींनी कप ठेवला आणि उठून उभे राहिले. त्या सपाट पावलांवर ताठ, दोन्ही हात पुढे करून. आधी तळवे वर, मग पालथे, मग बोटं फाकवून. ताईने त्यांना खिडकीशी उजेडात नेलं. बेचक्या एकेक करून बघितल्या. आपल्या बोटांना कळत नाही म्हणून तिने त्यांचा हात उचलून गालाला लावला आणि कातडी खरखरीत आहे का ते बघितलं. दाजी श्वास रोखून उभे होते.

"आज ठीक आहेत," ती म्हणाली आणि आत गेली.

दाजी खाली बसले. कप उचलून त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. मी विचारलं, "रोज असतं का हे?"

"असतं," ते म्हणाले. "पण कधी, ते ती आधी सांगत नाही."